एकतीस पाकिटांची निमंत्रणं

माझ्या भाचीच्या लग्नाच्या पत्रिका मी हातानं केल्या, आणि त्या करताना त्या पोरीबद्दल माझ्या मनात एकही वाईट विचार नव्हता. जो काही राग होता तो तिच्या आईवर, म्हणजे माझ्या ताईवर होता. हे आधीच सांगून टाकते, कारण झालेला प्रकार ऐकला की लोक पहिल्यांदा मलाच विचारतात, पोरीच्या लग्नात तुला हे सुचलं तरी कसं. न सुचायला काय झालं? सात वर्षं मी दुसरं काही मनात आणलंच नव्हतं.

मी हातकागद करते आणि त्यावर अक्षरं काढते. हा धंदा बाबांना पसंत नव्हता. त्यांनी माझ्यासाठी त्यांच्याच ऑफिसात खुर्ची धरून ठेवली होती आणि मी चोविसाव्या वर्षी ती सोडून दुसऱ्या गावी कागद शिकायला गेले. जाताना बोलाचाली झाली. बाबा म्हणाले, गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस. मीही त्यांचीच मुलगी, दाखवलं नाही. पण पत्रं लिहीत राहिले. नऊ वर्षांत एकतीस पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

मग बाबा गेले. मी आले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि त्या सगळ्यांच्या देखत काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, मला म्हणाले, "एक ओळ टाकायला किती वेळ लागतो ग? शेवटपर्यंत पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून होता तो." मी म्हटलं, "काका, मी लिहिलं होतं." शेजारी ताई डोळे पुसत उभी होती. ती हळूच म्हणाली, "राहू दे काका. आता काय त्याचं." एवढ्या मोठ्या मनानं म्हणाली की खोलीतल्या प्रत्येकाला मी खोटी वाटले.

तेव्हापासून मला दोनच गोष्टी माहीत होत्या. बाबांनी माझी पत्रं वाचली आणि उत्तर द्यायचं नाकारलं, ही एक. आणि आमच्या गोतावळ्यात मी बापाला विसरलेली मुलगी आहे, ही दुसरी. पहिलीचं काही करता येत नव्हतं. दुसरीबद्दल मला एवढंच हवं होतं, की काकांनी तो शब्द त्याच माणसांसमोर मागे घ्यावा.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा ती थेट माझ्या कारखान्यात येऊन टबाच्या कडेला बसली. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक कापायचं मशीन, लगद्याचं मशीन आणि तीन टब. ती म्हणाली, "मावशी, पत्रिका तूच करायच्या. आणि कागद आपल्या घरातल्या जुन्या कागदांचा हवा. आजोबांच्या खोलीत ढीगभर पडलाय. माझ्या शाळेच्या वह्या आहेत, आईच्या आहेत, तुझ्याही असतील."

मी हो म्हटलं. त्या पोरीला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

लग्नाची सगळी सूत्रं मात्र एका बाईंच्या हातात होती. त्या रंगांच्या पट्ट्यांचा जुडगा पर्समध्ये घेऊन फिरायच्या आणि बोलताना दर दोन वाक्यांनी ‘थीम’ म्हणायच्या, म्हणून मी त्यांना थीमवाली म्हणायचे. थीम ठरली होती कच्च्या कागदाचा रंग आणि त्यावर फिकट निळा. टेबलांवरचे कपडे, फुलं, खुर्च्यांच्या पाठी, वऱ्हाड्यांचे कपडे, सगळं त्याच दोन रंगांत. ताईच्या अंगात तर हे भूतच शिरलं होतं. हॉलवाल्याशी ती पडद्याच्या छटेवरून तास तासभर भांडायची. पाहुण्यांचे चेहरे त्या रंगात रंगवून मिळतील का, एवढंच तिनं विचारायचं बाकी ठेवलं होतं.

पहिला नमुना मी भाचीच्या वहीतून केला. बाकी लगदा बारीक दळला आणि वहीचे काही तुकडे न दळता तसेच वर सोडले, म्हणजे कागदात मधूनच एखादा शब्द, अर्धी बेरीज दिसते. थीमवालीनं तो उजेडात धरला आणि म्हणाली, हेच, अगदी हेच, आणि प्रत्येक पाहुण्यानं आपली पत्रिका घेऊनच यायचं, तीच टेबलावर त्याच्या जागेची खूण. ताईनं नमुन्यावरून बोट फिरवलं. "तुकडे अजून घाल," ती म्हणाली. "निळ्या शाईचे घाल. थीममध्ये बसतील."

हे तिचे शब्द आहेत. मी पुढे जे केलं ते तिच्या हुकमाप्रमाणेच केलं, असं म्हणायलाही माझी हरकत नाही.

दोन दिवसांनी भाचीनं आजोबांच्या खोलीतले कागद पोत्यांत भरून पाठवले. ताई हॉलवर पडदे बघत होती, पोरीनं घाईघाईत हाताला लागेल ते भरलं. मी पोती उपसायला बसले. वह्या, वर्तमानपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि ताई लावायची ती विजेच्या बिलांची जाडजूड फाईल. वरची दहा-बारा बिलं खरीच होती. त्याखाली दोरीनं बांधलेली पाकिटं होती. पाकिटांवर बाबांचा पत्ता होता आणि अक्षर माझं होतं.

मी ती मोजली. एकतीस. तीस पाकिटं जशी मी चिकटवली होती तशीच्या तशी, कुणी नखही लावलं नव्हतं. एक मात्र वरून फाडलेलं होतं आणि चिकटपट्टी लावून पुन्हा बंद केलेलं.

बाबांनी माझी पत्रं वाचलीच नव्हती. त्यांच्यापर्यंत ती गेलीच नव्हती. बाबांजवळ घरात ताईच राहायची; दाराशी आलेलं प्रत्येक पत्र तिनं उचललं, बिलांच्या फायलीत घातलं आणि आत जाऊन बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. नऊ वर्षं. आणि एक उघडून पाहिलं, धाकटी काय लिहिते ते बघायला. मला त्या चिकटपट्टीचा सगळ्यात जास्त राग आला.

कुणी म्हणेल, तशीच पाकिटं घेऊन काकांच्या दारात जायचं होतं. गेले असते, तर ताईनं दोन टिपं गाळून वेळ मारून नेली असती. ‘बाबांना त्रास होऊ नये म्हणून’ असं काहीतरी म्हणाली असती आणि काकांनी तिच्याच पाठीवरून हात फिरवला असता. मला ते नको होतं. मला तो कागद एकेका नातेवाइकाच्या हातात द्यायचा होता, तिनंच निवडलेल्या रंगात, तिच्याच मुलीच्या लग्नात, तिनं सजवलेल्या टेबलावर.

मी फक्त दोन पाकिटं उघडली. ‘बाबा, इथे पाणी फार जड आहे, कागद पिवळा पडतो’ असं काहीतरी होतं. माझीच वाक्यं, मला पुढे वाचवेना. बाकीची बंदच ठेवली. आत काय आहे ते मला माहीत होतं. सगळा गठ्ठा कापायच्या मशीनखाली घातला, चिकटपट्टीवालं पाकीट मुद्दाम सगळ्यात वर ठेवलं आणि आडवे उभे काप दिले. अंगठ्याएवढे चौकोन झाले. पाकिटांचा खाकी कागद रंगावरून वेचून काढला आणि उरलेलं पाण्यात सोडलं. बॉलपेनाची शाई पाण्याला दाद देत नाही.

पुढचे नऊ दिवस मी कागद उचलत होते. लगद्यात जाळी बुडवायची, आडवी धरून वर काढायची, पाणी निथळू द्यायचं, मग ओल्या थरावर तुकडे पेरायचे आणि वरून पातळ लगदा शिंपडायचा, म्हणजे ते धरून राहतात. पुष्कळ तुकडे कोऱ्या बाजूनं पडायचे, कारण मी पत्रं एकाच बाजूनं लिहायचे. असा कोरा तुकडा दिसला की मी बोटानं उलटवायचे, निळी अक्षरं वर. शेकडो तुकडे उलटवले असतील. एकशे साठ पत्रिकांत एकही अशी नव्हती जिच्यात ‘बाबा’ हा शब्द नाही. ताईची आणि भाचीची तेवढी मी साध्या वहीच्या तुकड्यांची केली.

पाकिटांवर पत्तेही मीच घातले. मोहोर थीमवालीची, फिकट निळी.

पत्रिका गेल्यावर चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला. आमच्या आत्याच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या घराण्यात होते. ती म्हणाली, "पत्रिकेत कुणाची तरी पत्रं दिसतायत ग."

"माझी," मी म्हटलं.

"दादाला लिहिलेली?"

"हो. ताईच्या फायलीत मिळाली. बंद पाकिटं होती."

आत्या म्हणाली, "बरं, ठेवते." मला माहीत होतं ती का ठेवतेय. तिला पुढचे फोन करायचे होते.

लग्नघरी कुणी फोन करून असलं काही विचारत नाही. लोक येतात, बसतात आणि कुजबुजतात. ताईला लग्नाच्या दिवसापर्यंत पत्ता नव्हता. त्या सकाळी ती हॉलच्या दारात उभी होती, कच्च्या कागदाच्या रंगात, निळी किनार, आणि येणारा प्रत्येक जण तिला ‘छान’ म्हणून घाईनं आत सरकत होता. नोंदणीच्या सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, माणसं आपापल्या टेबलांवर बसली. प्रत्येकासमोर त्याची पत्रिका. मग माना एकमेकींकडे वळायला लागल्या. कुणी आपली पत्रिका शेजाऱ्याच्या पत्रिकेला लावून पाहत होतं, वाक्य पुरं होतं का ते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते बघत होते, आणि खरं सांगते, इतकं सुख मला आजवर कशातच झालं नव्हतं.

ताई एका टेबलापाशी थांबली. तिनं वाकून एक पत्रिका उचलली. मग दुसरी उचलली. तिचा चेहरा थीममध्ये बसेल इतका पांढरा झाला. तिनं मान वर करून मला शोधलं आणि मी तिच्याकडे बघून हसले.

मग काका उठले. गुडघे दुखतात म्हणून ते कुणासाठी उठत नाहीत, पण माझ्यापर्यंत चालत आले. मागून आत्या आली, आणखी चार-पाच जण आले. काका म्हणाले, "धाकटे, मी तुला त्या दिवशी नको ते बोललो. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चुकलं माझं."

सात वर्षं मी त्या वाक्याची वाट पाहत होते.

"पण मला एक सांग," ते म्हणाले आणि खिशातून त्यांची पत्रिका काढली. "दादानं तुला उत्तर लिहिलं होतं का?"

"नाही. त्यांना पत्रंच मिळाली नाहीत."

"मग हे काय?" त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. निळ्या तुकड्यांच्या मधे एक फिका तुकडा होता, पेन्सिलीचा. "हा ‘ळ’ दादाचा आहे. असा शेपूट ओढलेला ‘ळ’ दुसरं कुणी काढत नव्हतं. मी चाळीस वर्षं पाहिलाय."

मी पत्रिका हातात घेतली. तुकड्यावर ‘ठळक लि’ एवढंच होतं. खाली ओळ कापलेली होती.

मला सगळं एकदम कळलं. चिकटपट्टीचं पाकीट ताईनं फाडलेलं नव्हतं. ते बाबांनी फाडलं होतं. माझ्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीनं मला लिहिलं होतं. ओल्या लगद्यावर फिकी पेन्सिल नजरेत भरत नाही. मी ते तुकडे कोरे समजून माझ्याच बोटानं उलटवले होते, माझी अक्षरं वर आणि त्यांची लगद्यात खाली.

मी काकांची पत्रिका परत दिली, उठले आणि टेबलांवरून फिरायला लागले. जरा तुमची पत्रिका बघू. जरा बघू हं. लोक आधी कौतुकानं देत होते, मग एकमेकांकडे बघायला लागले. ताईनं असं टेबलाटेबलावरून पत्रिका मागत फिरावं, असं मी किती दिवस मनात चित्र रंगवलं होतं, आणि फिरत होते मी. शंभरेक पत्रिका पाहिल्या. आणखी एकच तुकडा मिळाला, ‘ष्म्याचा’. नखानं एक निळा तुकडा उचकटून त्याच्या पाठीमागे पाहिलं. लगदा पेन्सिल घेऊन निघाला, करडा डाग राहिला.

"काय शोधतेयस ते मला माहीत आहे," ताई माझ्या कानाशी म्हणाली. तिनं माझं कोपर धरलं आणि मला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, चुकीच्या रंगाच्या.

"तुझं ते पहिलं पत्र," ती म्हणाली. "मी दवाखान्यात गेले होते, त्यांनी स्वतः पोस्टमनकडून घेतलं. दोन दिवस लिहीत होते उत्तर. माझ्याजवळ दिलं, पाकिटात घालून टाक म्हणाले. मी वाचलं आणि नाही टाकलं."

"का?"

"तू दुसऱ्या गावी बसून पत्रं लिहीत होतीस. मी त्यांना उठवत होते, बसवत होते, अंघोळ घालत होते. मला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत त्यांनी."

"काय होतं त्यात?"

ताईनं दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. तिची मुलगी नवऱ्याबरोबर फोटो काढून घेत होती. "ते मला तोंडपाठ आहे," ती म्हणाली. "आता ते फक्त मलाच माहीत आहे. सांगेन. एकदाच. पण आधी काकांना जाऊन सांग की ती पत्रं तू कधी टाकली नव्हतीस. सगळ्यांसमोर सांग."

"मी नाही सांगणार."

"मग नको सांगूस."

ती पदर सारखा करून निघाली. कुठे थांबायचं हे तिला नऊ वर्षांच्या सरावानं कळत असावं, कारण दारापाशी ती थांबली. मी तिच्या बाजूनं पुढे झाले आणि हॉलमध्ये गेले.

काका माझ्याच खुर्चीवर बसले होते. आत्या तिथेच होती. मी उभ्यानंच म्हटलं, "काका, ती पत्रं खरी नाहीत. मी बाबांना कधीच लिहिलं नाही. ही आत्ता पत्रिकेसाठी लिहिली."

काकांनी पत्रिकेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि दादाचं अक्षर?"

"तेही मीच काढलं. अक्षरं काढणं माझा धंदा आहे."

आत्यानं तोंडावर हात ठेवला. काकांनी पत्रिका टेबलावर पालथी ठेवली. ते रागावले असते तर मला चाललं असतं. ते म्हणाले, "मेलेल्या बापाचं अक्षर काढलंस," आणि खुर्चीचा हात धरून उठले. आपल्या टेबलाकडे जाताना त्यांनी वाटेत थांबून ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

ताई माझ्याजवळ आली. लांबून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बहिणी बहिणी पाहुण्यांबद्दल बोलतायत. ती समोर बघत, आवाज न बदलता म्हणाली, "‘पत्र मिळालं. चष्म्याचा नंबर वाढला आहे, बारीक अक्षर लागत नाही. पुढचं ठळक लिही. ताई वाचून दाखवेल, पण तुझं मला माझ्या डोळ्यांनी वाचायचं आहे. यायचं की नाही ते तू बघ. लिहीत राहा.’"

ती खरं बोलत होती. मी दोन तुकडे पाहिले होते आणि दोन्ही शब्द आपापल्या जागी आले होते. त्यानंतर मी तीस पत्रं लिहिली, सगळी बारीक अक्षरात.

भाचीनं लांबून हात केला. फोटोला बोलवत होती, आई आणि मावशी, दोघींना. ताई पुढे निघाली. मी तिचा हात धरला.

"ताई, परत एकदा सांग. मधलं नीट ऐकू आलं नाही."

तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

"एकदाच ठरलं होतं," ती म्हणाली.